पुढच्यानं ओरडायचं

एकशे सदतिसाव्या फॉर्मवरचं अक्षर माझ्या धाकट्या भावाचं होतं. फॉर्मवर नाव लिहायला जागाच नव्हती. ती मुद्दामच ठेवली नव्हती, म्हणजे लोक मोकळेपणानं लिहितात असं आमच्या विक्री खात्याचं म्हणणं. पण अक्षराला कोण काय करणार? तीन वर्षांपूर्वी उजवं मनगट मोडल्यापासून तो डाव्या हातानं लिहितो, आणि त्याची सगळी अक्षरं मागे रेलतात, मागून कुणी शर्ट ओढून धरल्यासारखी. आईच्या औषधांच्या डब्यांवर याच अक्षरात 'सकाळी एक, जेवल्यावर' असं लिहिलेलं मी दर आठवड्याला वाचते. तेव्हा चूक होणं शक्य नव्हतं, तरी मी तो फॉर्म खिडकीपाशी नेऊन वाचला. कोणत्या हवेत सायकल चालवायला सर्वांत जास्त आवडतं, या प्रश्नापुढे लिहिलं होतं, 'धुकं'. कारण लिहा, त्यापुढे, 'धुक्यात हळू जावं लागतं आणि हळू गेल्याबद्दल कुणी बोलत नाही.' आणि सगळ्यात खाली, आणखी काही सांगायचं असल्यास, तिथं, 'मी एकटाच जातो. तरी वळणाआधी ओरडतो. सवय आहे.' आई, भावजय, मी, आम्ही सगळ्याजणी तीन वर्षं असं धरून चाललो होतो की यानं सायकल सोडली. डॉक्टरांनी नको म्हटलंय असं त्यानंच सांगितलं होतं. सायकल विकली, असंही. आणि हा बाबा डोंगरात जाऊन एकटाच ओरडतोय.

आमची कंपनी डोंगरात चालवायच्या सायकलींचे टायर बनवते. मी चाचणी खात्यात आहे. बावीस वर्षं माझं काम एकच, रबराच्या तुकड्यावर सुई दाबायची आणि ती किती आत गेली तो आकडा लिहायचा. मऊ रबर ओल्या दगडाला धरतं पण लवकर झिजतं, कडक रबर टिकतं पण ओल्यात दगा देतं, बाकी सगळं जाहिरात. या वेळी विक्री खात्याला वाटलं की कोणत्या हवेसाठी किती टायर बनवायचे हे चालवणाऱ्यांनाच विचारावं. सायकलींच्या दुकानांत फॉर्म ठेवले, दोनशे चौदा भरून आले, आणि ते वाचायला कुणी तयार होईना. डोंगरात सायकल घालणारी खात्यात मी एकटीच, तेव्हा ते माझ्या टेबलावर येऊन पडले. मी कटकट केली, अर्थातच. कटकट केल्याशिवाय घेतलेलं काम लोकांना फुकटचं वाटतं. पण वाचायला लागले आणि मला ते आवडू लागलं. हवेप्रमाणे गठ्ठे केले. कोरड्याचा गठ्ठा सगळ्यात जाड. 'जमीन कडक, टायर वाजतो, छान वाटतं.' 'कोरडी हवा, कारण घरी येऊन कपडे मलाच धुवायचे असतात.' पावसाचा गठ्ठा त्याच्या निम्मा, पण पाऊसवाले लोक बोलके, मागच्या बाजूलाही लिहून ठेवतात. 'पावसात डोंगर रिकामा असतो.' 'मागचं चाक घसरायला लागलं की डोकं बंद पडतं, मी तेवढ्यासाठीच जातो.' थंडीवाले बहुतेक माझ्या वयाचे, गुडघे दुखत असूनही थंडीच हवी म्हणणारे. वारा लिहिणारा एकच. त्याचं म्हणणं, वाऱ्याला कितीही शिव्या दिल्या तरी तो मनात धरत नाही. मला त्या माणसाला भेटावंसं वाटलं, आणि त्याच्या बायकोलाही.

वाचता वाचता मी एक मत बनवलं होतं. मतं बनवायला मला वेळ लागत नाही, मोडायला लागतो. मत असं की कोणती हवा आवडते हे विचारणं म्हणजे तुला कशाची माफी हवी आहे ते विचारणं. पावसात पडलं तर पावसानं पाडलं, चिखलानं पाडलं, कुणी नावं ठेवत नाही. कोरड्यात पडलं तर मात्र आपणच पडलो. म्हणून ज्यांना पाऊस आवडतो ते मनानं मऊ, आणि ज्यांना कोरडं आवडतं त्यांचा स्वतःवर फार विश्वास. मी कायमची कोरड्यातली. हे मत मी आमच्या साहेबांनाही ऐकवलं होतं. त्यांना आम्ही टाचणी म्हणतो, कारण सुटा कागद दिसला की ते तो दुसऱ्या कागदाला टोचतात. टाचणी म्हणाले, "बाई, तुम्ही आकडे द्या, तत्त्वज्ञान नंतर." माझ्या त्या मतात धुक्याला जागाच नव्हती. धुक्यात कशाची माफी मिळते? एकशे सदतिसावा फॉर्म हातात धरून मी तोच विचार करत होते. हळू जाण्याची, असं तो लिहितो. हळू जाण्याची माफी त्याला कुणाकडून हवी होती, ते मला न विचारताही माहीत होतं.

वळणाआधी ओरडायची सवय मीच लावलेली. मी बारा वर्षांची, तो आठचा, घरामागच्या टेकडीवर जायला आईची एकच अट होती, ताईच्या मागे राहायचं. मी पुढे, माझ्या चाकांची धूळ त्याच्या डोळ्यांत, त्याला काही दिसायचं नाही आणि तो पडायचा. म्हणून मी नियम केला. पुढच्यानं ओरडायचं, मागच्यानं 'ऐकलं' म्हणायचं. शब्द चारच. कोरडं, ओलं, मुळं, आणि सुटं, म्हणजे सुटे दगड. 'कोरडं' आलं की मागच्यानं ब्रेकवरची बोटं उचलायची आणि चाक सोडून द्यायचं. 'ऐकलं' आलं नाही तर पुढच्यानं थांबायचं. पुढे सायकली बदलल्या, डोंगर बदलले, आम्ही दोघं संसाराला लागलो, पण दर रविवारी सकाळी पुढे मी, मागे तो, आणि तेच चार शब्द. घरातही चालायचं. आईनं फरशी पुसली की मी दारातून 'ओलं' म्हणायचे आणि आतल्या खोलीतून 'ऐकलं' यायचं. त्याच्या लग्नाच्या दिवशी तो नवीन कपडे घालून निघाला तेव्हा मी कानात 'ओलं' म्हणाले. 'ऐकलं' म्हणाला आणि गेला तसाच. भावजयीला हे नंतर कळलं तेव्हा ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. तेहतीस वर्षांत एकदाही तो पुढे आणि मी मागे असं झालं नाही. त्यानं मागितलं नाही आणि मला सुचलं नाही. आमच्या घरात सांडणं, फुटणं, हरवणं ही सगळी खाती त्याच्याकडे होती. नावच पडलं होतं, धांदरट. कपबशी मी फोडली तरी आई आधी त्याच्याकडे बघायची, आणि मीही त्याच्याचकडे बघायचे, तेव्हापासून.

तीन वर्षांपूर्वी तो पडला त्या दिवशी दोन दिवसांचा पाऊस थांबून वारं सुटलं होतं. अशी हवा सगळ्यात लबाड. वाऱ्यानं माती वरून वाळते, रंग फिका पडतो, पण खालची चिकणमाती ओलीच असते, दुधावर साय धरावी तशी वरची पापडी. मला हे माहीत नव्हतं का? रबरात सुई घालून पोट भरणाऱ्या बाईला? पण वरची अकरा वळणं कोरडी निघाली होती, अकरा वेळा मी 'कोरडं' ओरडले होते, अकरा वेळा मागून 'ऐकलं' आलं होतं, आणि माझं डोकं आदल्या दिवशी टाचणींशी झालेल्या भांडणात होतं. बाराव्या वळणावर मी न बघताच ओरडले. 'कोरडं.' 'ऐकलं.' मग मी वळणात शिरले आणि माझं मागचं चाक हातभर सरकलं. मी सावरले, पाय टेकवला, निघाले. तेवढ्यात दोन सेकंद होते. दोन सेकंद थोडे नसतात. दोन सेकंदांत 'ओलं' हा शब्द चार वेळा ओरडता येतो, मी नंतर घरी घड्याळ लावून बघितलंय. शब्द माझ्या तोंडापर्यंत आलाही होता. पण तेहतीस वर्षांत मी दिलेली हाक कधी मागे घेतली नव्हती, आणि माझ्या मनात आलं, जाईल की तो, एवढं काय. मग मागे तो आवाज झाला. मी सायकल टाकून धावले. तो आडवा पडलेला, मनगट नको त्या दिशेला वळलेलं, गाल मातीला टेकलेला, डोळे उघडे. आणि मी त्याला पहिलं वाक्य काय म्हणाले? "मी गेले की नीट इथून, तुलाच काय झालं?" तो म्हणाला, "माझंच लक्ष नसेल."

हे एवढ्यावर थांबलं असतं तरी मी स्वतःला काहीतरी समजावलं असतं. माणूस गडबडतो, तोंडातून जातं काहीबाही. पण खालून दोघं सायकलवाले मदतीला येताना दिसले, तेव्हा मी दोन पावलं मागे सरकले आणि माझ्या चाकाचा जो घसरलेला माग मातीत उमटला होता, तो बुटानं पुसला. घाईत नाही. उभी राहून, त्यांना हात करत, बूट डावीउजवीकडे फिरवत. माझी इतक्या वर्षांची ती हाक तेवढी शाबूत राहिली.

माझा भाऊ दातांच्या कवळ्या बनवतो. बनवायचा. आमच्या शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू त्याच्या हातचं आहे असं मी मिरवायचे. मेणात दात कोरायचं काम सगळं मनगटात असतं, किंचित वळवायचं, किंचित थांबायचं. धांदरट म्हणे. धांदरट माणसाला ते जमलं असतं का, हे आमच्यापैकी कुणी कधी मनात आणलं नाही. मनगट जुळलं, पण पूर्ण वळेना. मालकानं काढलं नाही, भला माणूस, पण दात दुसऱ्याकडे दिले आणि याला साचे ओतायला बसवलं. प्लास्टर कालवायचं, ओतायचं, वाळू द्यायचं. तो डाव्या हातानं मेण कोरायला शिकतोय हे भावजयीनं मला सांगितलं, घरी टेबलावर सगळीकडे मेणाचे वेडेवाकडे दात पडलेले असतात म्हणाली, आणि हसली, आणि मग रडली. आई अजून म्हणते, "लहानपणापासून याचं लक्षच नसतं. ताईच्या मागे जाऊनही पडतो." तो मान डोलावतो. मी चहा ढवळत बसते. साखर केव्हाच विरघळलेली असते.

तो फॉर्म सापडला त्या दुपारी टाचणी माझ्या टेबलाशी आले. गठ्ठे मोजायला नाही, उचलायलाच आले होते. "हा काय?" त्यांनी धुक्याचा गठ्ठा दोन बोटांत धरला. गठ्ठा कसला, चार कागद.

"धुकं," मी म्हणाले.

"चार जणांसाठी टायर बनत नाही, बाई. पावसात टाका. ओलं ते ओलंच."

"धुक्यातलं ओलं वेगळं. पावसात जमीन ओली असते, ती दिसते. धुक्यात काय आहे तेच दिसत नाही."

"तुम्ही यातलाच एखादा फॉर्म भरलेला दिसतोय."

"नाही भरला," मी म्हणाले, "भरायला हवा होता." आणि ते चार कागद त्यांच्या हातातून काढून घेतले. टाचणी माझ्याकडे बघत राहिले. एरवी मी वाद घालते तेव्हा माझा आवाज चढतो, आणि आज चढला नव्हता. ते काही न टोचता निघून गेले. मी जिन्यात जाऊन भावाला फोन लावला. तो कामावर होता, मागे प्लास्टर कालवायच्या यंत्राची घरघर.

"तू सायकल चालवतोस?" मी विचारलं.

घरघर बंद झाली. "कोण म्हणालं?"

"चालवतोस का ते सांग."

"आईला सांगू नकोस," तो म्हणाला. एकेचाळीस... नाही, चव्वेचाळीस वर्षांचा माणूस. तो एकेचाळीसचा असताना पडला, आणि माझ्या डोक्यात तिथंच थांबलाय.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू लगेच चल म्हणाली असतीस. आणि तुझ्यामागे आलो की मी परत काहीतरी धांदरटपणा केला असता. मग परत सगळ्यांना त्रास."

मी जिन्याचा कठडा धरला. थंडगार लोखंड होतं. "कधी जातोस?"

"रविवारी. धुकं असलं तर."

"मी येऊ?"

तो मग म्हणाला, "ये. पण पुढे मी राहणार."

रविवारी धुकं होतं. इतकं की माझ्याच हँडलचं टोक पुसट दिसत होतं. त्याची सायकल तीच जुनी, विकली म्हणालेली. कामावरच्या मागच्या शेडमध्ये ठेवतो म्हणाला. उजवीकडच्या ब्रेकची मूठ त्यानं वाकवून घेतली होती, न वळणाऱ्या मनगटाला पोचेल अशी. चढ चढताना आम्ही हवापाण्याचं बोललो. एरवी लोक बोलायला काही नसलं की हवेचं बोलतात, आमच्याकडे बोलायला एवढं होतं म्हणून बोललो. वर पोचेपर्यंत माझ्या भुवयांवर पाणी जमलं होतं. मग उतार सुरू झाला आणि माझ्या पुढून, दिसेनाशा झालेल्या त्याच्या पाठीकडून, आवाज आला, "मुळं." मी आयुष्यात पहिल्यांदा 'ऐकलं' म्हणाले. मागच्याला काय वाटत असतं हे मला माहीतच नव्हतं. तुमच्या चाकाखाली काय येणार हे दुसऱ्याला माहीत असतं आणि तुमच्याकडे त्याचा फक्त शब्द असतो. तेहतीस वर्षं तो असा आला माझ्यामागे, ब्रेक सोडून. 'ओलं.' ऐकलं. 'सुटं.' ऐकलं. त्याच्या हाका माझ्यापेक्षा चांगल्या होत्या, लवकर यायच्या, आणि बाजूही सांगायच्या, डावीकडून, उजवीकडून. अकरा वळणं झाली तेव्हा मी ओरडले, "थांब."

तो थांबला. मी त्याच्याजवळ गेले. बाराव्या वळणाच्या जरा वर होतो आम्ही. सायकल दोन्ही पायांमध्ये धरून मी त्याला सांगितलं. न बघता ओरडले ते, चाक सरकलं ते, दोन सेकंद, पुसलेला माग. मी चांगलं बोलणारी बाई आहे, पण ते सगळं चार वाक्यांत संपलं.

तो चाकाकडे बघत ऐकत होता. "चाक सरकल्यावर तुला कळलं होतं?"

"हो."

"आणि गप्प बसलीस."

"हो."

"का?"

"मी दिलेली हाक कधी बदलली नव्हती."

"एवढंच?"

"एवढंच," मी म्हणाले. याहून मोठं काही कारण असतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं, त्यालाही वाटलं असावं.

"पडल्या पडल्या मी मातीच बघत होतो," तो म्हणाला. "ताईच्या चाकाचा माग घसरलेला दिसेल, म्हणजे माझी चूक नाही. काहीच नव्हतं. म्हटलं, बघ, ही गेली, आणि तू." त्यानं उजवा हात वर केला, वळतो तेवढा वळवला, आणि खाली घेतला. "या वळणाला पाणी धरतं हे मला पुढच्या वर्षी कळलं. मग मी इथं खडी टाकली. पाठीवरच्या पिशवीतून, खालून वर, चाळीस खेपा. का, माहितीये? म्हटलं, माझ्यासारखा आणखी एखादा धांदरट आला तर मरेल."

"शिव्या दे मला."

"देणार आहे. आत्ता सुचत नाहीयेत." इतका रागावलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. आमच्या घरात राग हे खातं माझ्याकडे होतं. "आईला सांगशील?"

"सांगेन."

"कधी?"

"आजच. दुपारी."

"बायकोसमोर. माझ्या."

"तिच्यासमोर."

त्यानं पेडलवर पाय ठेवला आणि निघाला, आणि सायकलची एक लांबी झाली नाही तोवर दिसेनासा झाला. मी तिथं उभी. झाडांवरून टपटप चाललेली, माझी बाही भिजलेली, माती, पानं, दगड, सगळंच ओलं. जावं की उलट्या पावली वर जावं हे मला कळेना. त्यानं बोलावलं नव्हतं, नको म्हटलं नव्हतं. आणि मग खालून, वळणाच्या तोंडाशी असावा तिथून, त्याचा आवाज आला.

"कोरडं."

मी तशीच उभी राहिले. त्यानं रागानं म्हटलं असेल, मला पाडायला, असं माझ्या मनात आलं. खोटं कशाला सांगू? इतक्या धुक्यात कोरडं काय असणार? खडी टाकलीय असं तो म्हणाला, पण मी पाहिली नव्हती, माझ्याकडे त्याचा शब्दच होता. खाली त्याचा ब्रेक किंचित कुरकुरला आणि गप्प झाला. 'ऐकलं' आलं नव्हतं म्हणून तो थांबला होता. नियम होता तसा. मी पेडलवर पाय ठेवला.

"ऐकलं," मी म्हणाले आणि दोन्ही ब्रेकवरची बोटं उचलली. सायकल सुटली, वळण आलं, आणि चाकाखाली खडी वाजायला लागली. ती वळण संपेपर्यंत वाजत राहिली.